जरा जास्त झालंय, राहू दे?

नेरिओ : हात मागे का घेतलेस?

अदेल्मो : अरे, सकाळ तरी नीट होऊ दे.

नेरिओ : सकाळ झालीये. साइट उघडलीये. जाळीच्या आत मी आहे, बाहेर तू आहेस, तुझी बाकीची टोळी अजून कॉफी पितेय. आता सांग. काल हात मागे का घेतलेस?

अदेल्मो : मी उमारेल आहे, नेरिओ. उमारेल हात मागेच घेतो. अख्ख्या बोलोन्यात कुठल्याही खोदकामापाशी जाऊन बघ. जाळीबाहेर म्हातारे ओळीने उभे आणि सगळ्यांचे हात पाठीशी. म्हणून तर उमारेल म्हणतात. हात पुढे धरून उभा राहिला तर लोक भिकारी समजून नाणं टाकतात.

नेरिओ : जूनपासून पुढेच होते की तुझे हात.

अदेल्मो : आणि जूनपासून लोक मला वेडा समजतायत. भर उन्हाळ्यात भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे घालून मी या जाळीपाशी उभा राहतो आणि हवेत पंजे हलवतो. इवोन्नेने मला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. बायकोला काय सांगणार? क्रेन चालवणाऱ्या माझ्या मित्राला हुक दिसत नाही, म्हणून मी हातांनी त्याला सांगतो, असं? त्यापेक्षा खरूज बरी म्हटलं. डॉक्टरने मलम दिलं. ती रोज चोळून लावते. हात बघ कसे झालेत, लहान पोराच्या गालासारखे. बघ ना.

नेरिओ : कशाने बघू?

अदेल्मो : हो. चुकलं.

नेरिओ : कडेचं दिसतं. मधलंच जातं. आत्ता तुझे दोन्ही कान दिसतायत, तोंड नाही. तसं त्याने फार नुकसान नाही.

अदेल्मो : आभारी आहे.

नेरिओ : काल काय झालं ते पहिल्यापासून सांग.

अदेल्मो : तुला माहितीये.

नेरिओ : मला आवाज माहितीये. बाकीचं तू सांगायचं, असाच आपला व्यवहार आहे.

अदेल्मो : तू आत, पोटाशी रिमोट बांधून, अंगठे दांड्यांवर. हुकाला सळयांची मोळी. मी पंजे उघडे धरलेले. उघडा पंजा म्हणजे येऊ दे, मूठ म्हणजे थांब. मोळी येत होती झकास, माझ्या दुकानात मोर्तादेल्ला सॉसेजची चकती सुरीवरून उतरायची ना, तशी. तेवढ्यात तिकडे काँक्रीट ओतायला लागले. बालवाडीचा पहिला स्लॅब, नेरिओ! नळीतून तो करडा लगदा असा लोळत आला आणि आमचे सगळे एकदम "ओऽ" म्हणाले. कुणीतरी म्हणालं, पातळ आहे. मला नाही वाटला पातळ. माझं मत झालं. आणि मत झालं की उमारेलचे हात आपोआप मागे जातात, त्याला मी काय करू? जूनपासून मी बांधकाम बघितलेलंच नाही. मी तुझा हुक बघतो. या जाळीपाशी उभा राहून बांधकाम न बघणारा मी एकटा.

नेरिओ : आणि मोळी?

अदेल्मो : मी वळलो तेव्हा मोळी जेवणाच्या टेबलावर होती. टेबल पोळीसारखं झालं होतं.

नेरिओ : खुर्ची?

अदेल्मो : खुर्ची पण.

नेरिओ : मिर्काची.

अदेल्मो : साइटची साहेब ती, टेबलाच्या टोकाची खुर्ची पण तिचीच. लझान्याचा डबा उघडून बसली होती पोरगी. तेवढ्यात फोन आला म्हणून उठली. वीज आमच्याकडून घ्या, असं सांगणारे फोन येतात ना, दिवसभर छळतात, त्यातला. अख्ख्या इटलीत त्या फोनमुळे वाचलेलं हे पहिलं माणूस. तिने तिथल्या तिथे वीजकंपनी बदलली. इथपर्यंत ऐकू आलं. हो म्हणाली, सगळ्याला हो म्हणाली, आणि मग खाली बसली.

नेरिओ : विनोद करू नकोस.

अदेल्मो : मी कुठे करतोय? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. इवोन्नेला वाटलं मलम झोंबतंय. मी त्या पोरीला मारलं असतं, नेरिओ. मोर्तादेल्ला कापून आयुष्य काढलं, कधी स्वतःचं बोटसुद्धा कापलं नाही, आणि म्हातारपणी हात मागे घेऊन माणूस मारलं असतं.

नेरिओ : तुझी चूक नाही.

अदेल्मो : काय?

नेरिओ : तू हात मागे घेतलेस. पिवळं गेलं. पिवळं गेलं की मी थांबायचं, हे पहिल्याच दिवशी ठरलंय आपलं. चुकलं असतं तरी हुक हवेतच थांबला असता.

अदेल्मो : मग थांबला का नाहीस?

नेरिओ : पिवळं गेलं नव्हतं.

अदेल्मो : माझे हात मागे होते. इवोन्नेची शपथ.

नेरिओ : मला पिवळं दिसत होतं. हलत होतं. ये, ये, अजून खाली ये म्हणत होतं.

अदेल्मो : कुठे?

नेरिओ : डावीकडे, जरा खाली. मला वाटलं, वाकलायस. गुडघा दुखत असेल.

अदेल्मो : डावीकडे खाली तर टेबल होतं.

नेरिओ : हं.

अदेल्मो : टेबलावर मेजपोश होता. मिर्काच्या आईने दिलेला. लिंबांच्या चित्रांचा.

नेरिओ : काल घरी जेवायला बसलो तेव्हा माझ्या डोक्यात आलं. घास तसाच राहिला.

अदेल्मो : तुला लिंबं ये म्हणाली.

नेरिओ : वारा होता.

अदेल्मो : अरे देवा.

नेरिओ : असो. मेजपोश फाटला. म्हणजे ते निस्तरलं. चल, हातमोजे घाल. विटा चढवायच्यात.

अदेल्मो : आणले नाहीत.

नेरिओ : काय आणले नाहीत?

अदेल्मो : हातमोजे. घरी सिंकमध्ये आहेत. इवोन्ने भांडी घासतेय त्यांनी. जूनपासून पहिल्यांदा तिला मिळालेत. गाणं म्हणत होती.

नेरिओ : अदेल्मो, मस्करी पुरे.

अदेल्मो : मी घालणार नाही आता ते.

नेरिओ : मग नुसत्या हातांनी कर. मऊ झालेत ना? चमकत असतील.

अदेल्मो : नेरिओ, ही बालवाडी आहे. माझ्या मुलीच्या मुलीचा मुलगा इथे येणार, या छपराखाली बसणार आणि नाक पुसायला शिकणार.

नेरिओ : छपराचं काय? तुळया मी नुसत्या वर नेतो. बसवतात गवंडी, मापं घेऊन. मी चुकतो ते थप्प्यांमध्ये, आणि तेही तुझ्यामुळे. सगळ्या विटा जाळीला चिकटून का बसल्यात? मिर्काला वाटतं जमीन उतरती आहे. गोटी ठेवून बघत होती. जमीन सरळ आहे. तू मूठ उशिरा मिटतोस. दुकानात केलंस तेच इथे. गिऱ्हाइकाने शंभर ग्रॅम मागायचं, तू मापात पाप नको म्हणून सव्वाशे कापायचं, आणि सुरी वर धरून विचारायचं, "जरा जास्त झालंय, राहू दे?"

अदेल्मो : सगळे "राहू दे" म्हणायचे.

नेरिओ : लाजून म्हणायचे. मागे रांग असायची.

अदेल्मो : एका बाईने एकदा "काढा" म्हटलं. मिलानोहून आली होती.

नेरिओ : कळलं. हातमोजे.

अदेल्मो : घरी बस ना रे. पेन्शन आहे. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मिळाली, आता तू एकाहत्तरचा झालास. कोण म्हणेल तू कमी काम केलंस?

नेरिओ : बसलो होतो की घरी. तेव्हा काय झालं, आठवतंय?

अदेल्मो : लिफ्ट.

नेरिओ : लिफ्ट. दिवसभर आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये उभा असायचो. माणसं उचलायची, मजल्यावर ठेवायची. एकालाही धक्का बसू दिला नाही. उंबऱ्याला उंबरा. आणि त्या कृतघ्नांनी सभा घेऊन ठराव केला की सिन्योर नेरिओने लिफ्ट फक्त स्वतःच्या मजल्यासाठी वापरावी. बायको उन्हाळ्यासाठी म्हणून बहिणीकडे रीमिनीला गेली. तीन वर्षं झाली, तिथला उन्हाळा संपलेला नाही.

अदेल्मो : ती लिफ्टमुळे नाही गेली.

नेरिओ : मग?

अदेल्मो : तू घरी तिलाही तसंच करायचास म्हणे. भांडी उचल, इथे ठेव, तिथे ठेव. खुर्चीतून तिला उठवून पलंगावर नेऊन बसवायचास.

नेरिओ : हळुवार बसवायचो.

अदेल्मो : तेच सांगत होती ती इवोन्नेला. फार हळुवार बसवायचा, म्हणाली.

नेरिओ : तुला कळणार नाही. तू दुकान विकलंस त्या दुपारी सरळ इथे आलास, हात मागे बांधलेस, झालं. तुला बघायला आवडतं. मला उचलायला. पोटावर हा डबा असतो तेव्हा मला माहीत असतं माझे हात कुठे आहेत. एरवी ते असतात नुसते लोंबत. मला धुकं आवडतं, माहितीये? धुक्याच्या दिवशी सगळी साइट माझ्यासारखी होते. कुणालाच काही दिसत नाही, काम बंद, आणि मी सगळ्यांच्या बरोबरीने बाकावर बसून धुक्याला शिव्या देतो. तेवढाच मी नॉर्मल. थांब. पावलं कुणाची?

अदेल्मो : मिर्का येतेय.

नेरिओ : ऐक. तिने काही विचारलं तर खोक. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

अदेल्मो : नेरिओ, मी…

नेरिओ : हात नको, हातमोजे नको, नुसता खोक. तुझ्या दुकानाचं शटर वाकलं होतं तेव्हा रविवारी सुट्टी सोडून कोण आलं होतं क्रेन घेऊन?

अदेल्मो : शटरला क्रेन लागत नाही म्हणून तेव्हाही सांगितलं होतं मी. भिंतही गेली.

नेरिओ : खोक.

मिर्का : काय सिन्योर अदेल्मो, हात कसे आहेत?

अदेल्मो : मऊ आहेत.

मिर्का : आज हातमोजे दिसत नाहीत.

अदेल्मो : बरं वाटतंय म्हणून.

मिर्का : छान. आणि तुम्ही, नेरिओ? झोप लागली?

नेरिओ : ठणठणीत. तू?

मिर्का : मी रात्री आईला फोन केला. तिने विचारलं, मेजपोश आवडला का सगळ्यांना. म्हटलं, फाटला. म्हणाली, दुसरा पाठवते, संत्र्यांचा आहे.

नेरिओ : कालच्या वाऱ्याबद्दल मला वाईट वाटतं. झोत आला एकदम.

मिर्का : हो, वारा होता थोडा. म्हणूनच एक विचारायचं होतं. विटा चढवायच्या आधी. नवीन टेबल आणलंय, ते मी तिकडे कंटेनरच्या बाजूला ठेवलंय. तुमच्या क्रेनच्या फेऱ्यात येतंय का ते बघता का जरा?

नेरिओ : कंटेनरच्या बाजूला.

मिर्का : हो. तिथे.

नेरिओ : हं.

मिर्का : घाई नाही.

नेरिओ : अदेल्मो, तुझा खोकला कसा आहे आता?

अदेल्मो : खोकला नाही मला.

नेरिओ : काल होता.

अदेल्मो : बरा झाला.

मिर्का : नेरिओ?

नेरिओ : चांगलं आहे. एकदम योग्य जागा. फेऱ्याच्या बाहेर आहे, सावली पण आहे. खुर्च्या फक्त जरा अलीकडे घे.

मिर्का : खुर्च्या.

नेरिओ : चार आहेत ना?

मिर्का : तिथे टेबल नाहीये, नेरिओ. टेबल अजून यायचंय. तिथे काहीच नाहीये.

नेरिओ : मी म्हणालो, जागा चांगली आहे.

मिर्का : नका ना.

नेरिओ : ऊन आहे डोळ्यांवर.

मिर्का : ढग आहेत. काल त्या फोनवर मी बोलत होते ना, वीजवाल्याशी, तेव्हा बघायला काही नव्हतं म्हणून मी जाळीकडे बघितलं. सहा वर्षं साइटवर काम करतेय, पहिल्यांदा. आम्ही कधी बघतच नाही तुमच्याकडे, सिन्योर अदेल्मो, माफ करा. तुम्ही बघता म्हणून आम्ही बघत नाही. आणि बघितलं तर हे सिन्योर हात हलवतायत आणि हुक हलतोय. हात डावीकडे, हुक डावीकडे. मला वाटलं, मनातल्या मनात क्रेन चालवतायत बिचारे, खेळ म्हणून. गोड वाटलं मला. मग ह्यांचे हात मागे गेले, आणि नंतर…

अदेल्मो : माझी चूक होती ती, काँक्रीटचं मत झालं म्हणून…

मिर्का : तुम्ही थांबा. नेरिओ, किती दिसतं?

नेरिओ : कडेचं दिसतं.

मिर्का : मी दिसते?

नेरिओ : हेल्मेट दिसतं. खाली बूट दिसतात.

मिर्का : आणि मध्ये?

नेरिओ : मध्ये तू असशील, असं गृहीत धरतो.

मिर्का : डॉक्टरांनी पास केलं होतं तुम्हाला. वसंतात. शिक्का आहे.

नेरिओ : अक्षरांचा तक्ता मला पाठ आहे. मी लागलो तेव्हापासून तोच आहे, तिसऱ्या ओळीपाशी कोपरा फाटलेला. आणि डॉक्टरसाहेब अठ्ठ्याहत्तरचे आहेत. ते पण घरी बसत नाहीत. यंदा मी सगळ्या ओळी धडाधड म्हटल्या, ते म्हणाले, शाबास. मग नर्स म्हणाली की तक्ता रंगकामाला म्हणून उतरवलाय, भिंतीवर तक्ताच नाही.

मिर्का : आणि तरी पास?

नेरिओ : ते म्हणाले, अक्षरं तर बरोबर आली ना.

मिर्का : मला हसू येत नाहीये.

नेरिओ : मलाही नाही. मी आहे तसं सांगतोय.

मिर्का : ती माझी खुर्ची होती.

नेरिओ : माहितीये.

मिर्का : माझ्या जागी दुसरं कुणी असतं, फोन आला नसता, तर आज आपण तिघं इथे असं बोलत नसतो. कुणीतरी कुणाच्या तरी आईशी बोलत असतं. रिमोट द्या.

नेरिओ : मिर्का, ऐक. सदुसष्टला सुटायचं असतं. चार वर्षं वर झाली. कबूल. जरा जास्त झालंय. राहू दे?

मिर्का : नाही. काढा.

अदेल्मो : तुमची आई मिलानोची का हो?

मिर्का : हो. का?

अदेल्मो : काही नाही. सहज.

नेरिओ : पट्टा मागून आहे. बकल जाम होतं. तूच काढ.

मिर्का : वळा. झालं. जड आहे हो हे. सिन्योर नेरिओ, मी तुम्हाला टाकून देत नाहीये. इथे दुसरं काम बघू. गेटवर बसा.

नेरिओ : गेटवर कोण आलं ते बघावं लागतं.

मिर्का : गोदामात.

नेरिओ : काय संपलं ते बघावं लागतं.

मिर्का : फोन घ्या ऑफिसात.

नेरिओ : फोनवर मी ओरडतो. क्रेनवाले सगळे ओरडतात. असं कुठलं काम आहे तुमच्याकडे, ज्याला डोळे लागत नाहीत?

मिर्का : वरच्या ऑफिसात आहेत दोन-तीन. पण ती भरलेली आहेत.

नेरिओ : तेही खरंच.

मिर्का : मग विश्रांती घ्या ना. खरंच. इतकी वर्षं तुम्ही काम केलंत. आता बाहेर उभे राहा, सिन्योर अदेल्मोंच्या शेजारी. निवांत. हात मागे. बघा आम्ही काय करतोय ते.

नेरिओ : काय बघू?

मिर्का : मला तसं नव्हतं म्हणायचं.

नेरिओ : तुला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तू चांगली पोरगी आहेस. हेल्मेट पण हवंय का?

मिर्का : हेल्मेट ठेवा.

(चार दिवसांनंतर. तीच जाळी, आता दोघेही बाहेरच्या बाजूला.)

नेरिओ : खोकला का नाहीस?

अदेल्मो : चार दिवस तू फोन उचलला नाहीस. मी दारात येऊन गेलो, बेल वाजवली, खाली लिफ्टपाशी पण शोधलं. आणि आज आलास तो हेल्मेट घालून, आणि पहिलं वाक्य हे?

नेरिओ : एकदा खोकायचं होतं. किंवा दोनदा. मला काहीही चाललं असतं.

अदेल्मो : घसा बरा होता माझा.

नेरिओ : तू मला बुडवलंस.

अदेल्मो : हो.

नेरिओ : नुसतं हो?

अदेल्मो : आणखी काय म्हणू? दोनदा खोकलो असतो तर तू म्हणाला असतास, नाही, टेबल फेऱ्यात आहे, हलव. ती म्हणाली असती, वा, दिसतं म्हणजे ह्यांना. आणि तू विटा चढवायला गेला असतास. हातमोज्यांशिवाय. मग मी इथून बघत बसलो असतो, मूठ मिटून, आणि ती मूठ तुला दिसली नसती. मी खोकलो नाही, नेरिओ, ते मी ठरवून खोकलो नाही. घशात होता खोकला. गिळला.

नेरिओ : इतका वेळ मी वाट बघत होतो.

अदेल्मो : माहितीये. मी तुझा कान बघत होतो. कान असा माझ्याकडे वळलेला.

नेरिओ : बाकीचे कुठायत?

अदेल्मो : तिकडे, स्लॅबपाशी. भेगा पडल्यात म्हणतायत. पडलेल्या नाहीत. नेरिओ, हात खाली घे ना. पोटापाशी असे धरून उभा आहेस, मघाशी रस्त्यावरची एक बाई विचारत होती पोटात दुखतंय का म्हणून.

नेरिओ : इथेच असतात माझे हात.

अदेल्मो : मागे घे. बरं वाटतं. कमरेला आधार होतो.

नेरिओ : नको.

अदेल्मो : बरं.

नेरिओ : क्रेनवर कोण आहे?

अदेल्मो : एक बाई. फेर्राराची आहे म्हणे. केस लाल.

नेरिओ : कशी आहे?

अदेल्मो : वाईट.

नेरिओ : म्हणजे?

अदेल्मो : अगदीच वाईट. हिसके देते. आत्ता विटांची थप्पी उचललीये, तर झोके खातेय नुसती. दारूच्या दुकानातून निघाल्यासारखी.

नेरिओ : कुठवर आली?

अदेल्मो : दोन मजले उंच आहे. ओढत नेतेय स्लॅबच्या बाजूला. अरे अरे. गेली असती. नाही, सावरली. कशीबशी.

नेरिओ : वाऱ्याचं बघते का? हुक फिरवण्याआधी थांबते का जरा?

अदेल्मो : छे. थांबणं माहीतच नाही तिला. आली खाली. आता आपटणार बघ. मिर्का डोक्याला हात लावून उभी आहे. मला वाटतं तिला पश्चात्ताप होतोय.

नेरिओ : टेकली?

अदेल्मो : टेकली. म्हणजे, आदळली.

नेरिओ : आवाज नाही आला.

अदेल्मो : आं?

नेरिओ : विटांची थप्पी आदळली तर अर्ध्या गल्लीला कळतं. काहीच आवाज झाला नाही, अदेल्मो. पिसासारखी ठेवली तिने.

अदेल्मो : मातीवर ठेवली असेल.

नेरिओ : तिथे काँक्रीट आहे. स्लॅब. तुझं मत झालं होतं त्यावर.

अदेल्मो : बरं, स्लॅबवर ठेवली.

नेरिओ : चांगली आहे ना ती?

अदेल्मो : चांगली आहे.

नेरिओ : खूप?

अदेल्मो : तुझ्याएवढी नाही. पण चांगली आहे रे. हुक फिरवण्याआधी थांबते. तू थांबायचास तशी. थप्पी जाळीपासून लांब, सरळ रेषेत. मिर्का डोक्याला हात बित काही लावत नाहीये. कॉफी पितेय.

नेरिओ : नवीन टेबल आलं?

अदेल्मो : आलं. कंटेनरच्या बाजूला. संत्र्यांचा मेजपोश.

नेरिओ : भगवं असेल म्हणजे. ते मला दिसायला हवं. हो. कडेला काहीतरी आहे.

अदेल्मो : तो मिक्सर आहे. टेबल अजून उजवीकडे.

नेरिओ : बरं. आता काय चाललंय?

अदेल्मो : रिकामा हुक परत चाललाय. ऊन पडलंय त्याच्यावर. पुढची थप्पी बांधतायत. दोघं आहेत बांधायला, एकाचं लक्ष नाही, फोनमध्ये आहे. आणि उचलली. अरे नेरिओ, हात कधी घेतलेस मागे?

नेरिओ : थंडी आहे.

अदेल्मो : बरं.

नेरिओ : तू बोल. कुठे आहे ती?

अदेल्मो : मजलाभर उंच. येतेय. आता जरा हेलकावा खाल्ला. मोठा. मिर्काने कप खाली ठेवला. लाल केसवालीचा चेहरा पडलाय. आणि मिर्का इकडेच बघतेय, जाळीकडे, तुझ्याकडे.

नेरिओ : अदेल्मो.

अदेल्मो : जरा जास्त झालं?

नेरिओ : झालं.

अदेल्मो : काढू?

नेरिओ : राहू दे.